पाण्याखालच्या पानांवरच्या शेवाळाची उत्पादकता: वजाबाकी ऋण का येते?

काठावरची_पट्टी विचारते:

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी व्हॅलिस्नेरियाच्या (पाण्याखाली वाढणारी, फितीसारख्या लांब पानांची वनस्पती) पानांवर वाढणाऱ्या शेवाळाची उत्पादकता मोजते आहे. जागा म्हणजे नागपूरबाहेरचं एक उथळ तळं. खोली दीड मीटरच्या आत, पाण्याची पारदर्शकता मोजायची सेक्ची चकती ६० सेंमीवर दिसेनाशी होते. पद्धत प्रकाश-अंधार बाटल्यांची (उजेडातल्या बाटलीत ऑक्सिजन किती वाढला आणि अंधारातल्या बाटलीत श्वसनाने किती घटला ते पाहायचं), ऑक्सिजन विंकलरच्या टायट्रेशनने.

पानाच्या १० सेंमी लांब, ८ मिमी रुंद अशा तीन पट्ट्या ३०० मिलीच्या बीओडी बाटलीत (ऑक्सिजन मोजायची घट्ट बुचाची काचेची बाटली) घातल्या. एका बाटलीत शेवाळासकट पट्ट्या, दुसरीत बोटांनी चोळून स्वच्छ केलेल्या. दोन्ही बाटल्या सकाळी १० ते दुपारी २ काठावर पाण्याच्या टबात, तापमान २६ अंश. सुरुवातीचा विद्राव्य ऑक्सिजन लिटरला ७.१ मिग्रॅ होता. शेवाळासकट पट्ट्यांच्या बाटलीत तो १२.२ झाला आणि स्वच्छ पट्ट्यांच्या बाटलीत १३.०. म्हणजे (पान + शेवाळ) वजा (पान) = −०.८! तीन वेळा केलं, आकडा थोडा बदलतो पण चिन्ह तेच.

वजाबाकी नेमकी कुठे फसते? त्यापेक्षा सरळ काचपट्ट्या टांगून त्यांच्यावरचं शेवाळ मोजलं तर चालेल का? आणि पानाच्या चौरस सेंमीवरचा आकडा तळ्याच्या चौरस मीटरवर कसा न्यायचा?

---

विंकलर३००:

ताई, तुमचं टायट्रेशन ठीक दिसतं. गडबड वजाबाकीच्या मांडणीत आहे.

शेवाळ काढलं तरी पान आधीइतकंच काम करेल, असं ही वजाबाकी धरून चालते. पान तसं वागत नाही. शेवाळाचा थर ही पानावरची सावली आहे, आणि पानाला लागणारा कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटसुद्धा त्या थरातूनच आत यावा लागतो. थर निघाला की पान मोकळं होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन सोडतं. ही वाढ शेवाळाच्या स्वतःच्या उत्पादनाहून मोठी झाली की उत्तर ऋण येणारच. समुद्री गवतावर, झोस्टेरावर, सँड-जेन्सन यांनी १९७७ मध्ये हेच दाखवलं होतं की वरचं शेवाळ पानाचा प्रकाश आणि कार्बन दोन्ही अडवतं. गोड्या पाण्यातही तत्त्व तेच.

दुसरी भानगड चार तासांची. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच. या उंचीवर २६ अंशांना पाण्याची ऑक्सिजन संपृक्तता, म्हणजे हवेशी समतोल असताना पाण्यात मावणारा ऑक्सिजन, लिटरला ७.८ मिग्रॅच्या आसपास येते. तुमचं पाणी १२-१३ वर गेलं आहे. एवढ्या अतिसंपृक्त पाण्यात बुडबुडे धरतात, बुचाखाली जमतात आणि बूच काढलं की उडून जातात. विंकलरला ते सापडतच नाहीत. शिवाय बंद बाटलीत कार्बन संपत येतो, पीएच चढतो, प्रकाशश्वसन (उजेडातच ऑक्सिजन खाणारी उलटी क्रिया) वाढतं. आणि व्हॅलिस्नेरियाच्या पानात लांबट हवेच्या पोकळ्या असतात. ऑक्सिजन आधी तिथे साठतो आणि मग पाण्यात येतो, अंधारात पान तोच साठा वापरतं. म्हणून पान बाटलीत असलं की प्रकाश आणि अंधार, दोन्हीकडचे आकडे उशिरा आणि कमी दिसतात.

तेव्हा पान बाजूला ठेवा आणि शेवाळ वेगळं काढून मोजा. प्रमाण असं ठेवा:

तळ्याचं पाणी पहाटे घ्या. रात्रभरच्या श्वसनाने तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, त्यामुळे वर चढायला जागा मिळते. ते जीएफ/सी फिल्टरमधून (काचतंतूंचा बारीक फिल्टर) गाळा म्हणजे तरंगणारं शेवाळ निघून जाईल. निर्वात पंपावर गाळताना थोडा ऑक्सिजन आणखी निघतो, तो इथे फायद्याचाच. सारख्या वयाच्या, सारख्या खोलीवरच्या १८ पट्ट्या घ्या. रुंद तोंडाच्या बाटलीत थोडं गाळलेलं पाणी आणि पट्ट्या घालून एक मिनिट जोरात हलवा, पाणी ओतून घ्या, पुन्हा नवीन पाणी, असं तीनदा. सगळं एकत्र करून १८०० मिली करा. आता दर १०० मिलीत एका पट्टीचं शेवाळ आहे. हे सतत ढवळत पाच बीओडी बाटल्यांत नळीने तळापासून भरा: एक सुरुवातीची, दोन प्रकाशाच्या, दोन अंधाराच्या. उरलेलं ३०० मिली हरितद्रव्यासाठी आणि सूक्ष्मदर्शकासाठी. सोबत नुसत्या गाळलेल्या पाण्याच्याही बाटल्या हव्यात: एक सुरुवातीची, एक प्रकाशाची, एक अंधाराची. सुरुवातीच्या बाटलीतही शेवाळ असायलाच हवं, कारण सेंद्रिय पदार्थ थोडं आयोडीन खातात. ती चूक सगळ्या बाटल्यांत सारखी राहिली तरच वजाबाकीत कटते.

वेळ दोनच तास. बाटल्या काठावरच्या टबात ठेवू नका, बांबूला आडव्या बांधून शेवाळ ज्या खोलीवरून आणलं त्याच खोलीवर सोडा. अंधाराच्या बाटलीला आधी काळी टेप, वर अॅल्युमिनियम फॉइल, बुचावरसुद्धा. फक्त फॉइल लावली की सुरकुतीतून उजेड शिरतो.

बाटली वर आली की काठावरच स्थिरीकरण, म्हणजे ऑक्सिजन रसायनांनी बांधून ठेवणं: १ मिली मँगनस सल्फेट, १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, उलटसुलट करून अवक्षेप खाली बसू द्या, मग १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. २०१ मिली घेऊन ०.०२५ मोलर थायोसल्फेटने टायट्रेट करा म्हणजे जितके मिली लागले तितके मिग्रॅ प्रति लिटर. थायोसल्फेट दर वेळी प्रमाणित करून घ्या. जुनं द्रावण हळूहळू कमजोर होतं आणि सगळे आकडे एकाच दिशेने फुगतात.

हिशेब नमुन्यादाखल. सुरुवात ५.२, प्रकाशात ७.०, अंधारात ४.६. नुसत्या पाण्यात सुरुवात ५.२, प्रकाशात ५.२, अंधारात ५.१. एकूण उत्पादन = (७.० − ४.६) − (५.२ − ५.१) = लिटरला २.३ मिग्रॅ. बाटली ०.३ लिटरची, म्हणजे ०.६९ मिग्रॅ, दोन तासांत. ताशी ०.३४५. तीन पट्ट्यांचं क्षेत्रफळ दोन्ही बाजू धरून ३ × १० × ०.८ × २ = ४८ चौ. सेंमी, म्हणजे ०.००४८ चौ. मी. भागाकार केला की दर चौ. मी. पानपृष्ठाला ताशी सुमारे ७२ मिग्रॅ ऑक्सिजन. श्वसन याच पद्धतीने १५.६, म्हणून निव्वळ ५६. कार्बनमध्ये न्यायचं तर ०.३७५ ने गुणून प्रकाशसंश्लेषण गुणांक (सोडलेला ऑक्सिजन आणि घेतलेला कार्बन डायऑक्साइड यांचं रेणूंतलं प्रमाण) १.२ ने भागा, म्हणजे ०.३१२ ने गुणा. एकूण उत्पादन ताशी साडेबावीस मिग्रॅ कार्बन.

मात्र हा आकडाही निखळ खरा नाही. दाटीवाटीने बसलेल्या पेशी हलवून पाण्यात मोकळ्या केल्या की प्रत्येकीला उजेड आणि पोषण जास्त मिळतं, म्हणून ही पद्धत वरच्या बाजूला चुकते. तुमची वजाबाकी खालच्या बाजूला चुकते. प्रबंधात दोन्ही आकडे द्या आणि दोन्हींच्या चुकीची दिशा लिहा. या पेचातून बाहेर काढणारी पद्धत म्हणजे स्टीमन नीलसेन यांची १९५२ ची किरणोत्सारी कार्बनची. पान शेवाळासकट तसंच ठेवून कार्बन आत घेऊ द्यायचा आणि नंतर शेवाळ वेगळं करून मोजायचं. पण त्यासाठी परवानाधारक प्रयोगशाळा लागते, कॉलेजात ते होत नाही.

---

पानथर:

वरचं सगळं मान्य. फक्त "सारख्या वयाच्या पट्ट्या" हे दोन शब्दांत उरकलं गेलं, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बिघडतात.

व्हॅलिस्नेरियाचं पान बुडापासून वाढतं. म्हणजे टोक सगळ्यात म्हातारं आणि बुडाशी कोवळं. एक पान पाण्यातून काढून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून बघा. बुडाशी हिरवंगार, चकचकीत, बोटाला गुळगुळीत. वर सरकलं की तपकिरी झाक चढते. शेवटच्या वीतभर भागावर मखमलीसारखा थर, त्यात गाळाचे कण अडकलेले, आणि टोक तर कधी कधी कुजायला लागलेलं. एकाच पानावर काही आठवड्यांचा इतिहास अंथरलेला असतो. हायड्रिला ही दुसरी पाणवनस्पती बरोबर उलटी. तिचा शेंडा वाढतो, म्हणून शेंडा स्वच्छ आणि खालची पानं शेवाळाने माखलेली. तुम्ही "वरचे १० सेंमी" म्हणून दोन्हींची तुलना केलीत तर एकीकडे म्हातारं आणि दुसरीकडे कोवळं पान मोजाल आणि वाटेल की जातीचा फरक आहे.

म्हणून व्हॅलिस्नेरियाची पट्टी बुडापासून मोजून कापा, उदाहरणार्थ बुडापासून २० ते ३० सेंमी, आणि प्रत्येक पानाची एकूण लांबी नोंदवा. हायड्रिलात शेंड्यापासून कितवं पेर ते मोजा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. सेक्ची ६० सेंमी म्हणजे पूल-अॅटकिन्सच्या जुन्या सूत्राने प्रकाश घटण्याचा गुणांक १.७ ÷ ०.६ = मीटरला सुमारे २.८. म्हणजे अर्ध्या मीटरवर वरच्या प्रकाशाचा साधारण २४ टक्के उरतो आणि एक मीटरवर जेमतेम ६ टक्के. गढूळ पाण्यात १.७ हा आकडा हलतो, तेव्हा पाण्याखाली चालणारा प्रकाशमापक मिळाला तर तोच वापरा. पण यावरून एवढं नक्की कळतं की काठावरच्या टबात भर उन्हात मोजलेलं उत्पादन तळ्यातल्या अर्धा मीटर खालच्या पानाचं नव्हे. भर उन्हात तर कमी उजेडाला सरावलेलं शेवाळ दबतंसुद्धा. टबातलं पाणी तापतं ते वेगळंच.

दिवसाच्या आकड्यासाठी ताशी आकडा सरळ १२ ने गुणू नका. मध्याह्नाच्या भोवतीच्या दोन तासांत निरभ्र दिवसाचा साधारण पाव हिस्सा प्रकाश पडतो, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून जरा जास्त. पण दुपारी शेवाळ प्रकाशाने तृप्त असतं. सकाळ-संध्याकाळ मिळालेल्या प्रकाशाच्या मानाने ते जास्त काम करतं, म्हणून नुसत्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढवलेला आकडा कमी भरतो. सकाळी, मध्याह्नी आणि दुपारी उशिरा अशा तीन खेपा करा. नागपूरचा खरा मध्याह्न घड्याळात सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी येतो, ऋतूनुसार पाव तास मागेपुढे. मधली खेप ११ ते १ ऐवजी सव्वाअकरा ते सव्वाएक लावा.

---

दोन_थेंब_लुगॉल:

ताईंच्या प्रश्नातली एक ओळ खटकली: "बोटांनी चोळून स्वच्छ केलेल्या". चोळल्याने पानाच्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींचं हरितद्रव्य शेवाळाच्या खात्यात जमा होतं आणि जखमी पान भलतंच वागतं. चोळू नका. हलवा, आणि गरज पडली तर अगदी मऊ ब्रशने एकाच दिशेने.

पण हलवून सगळं निघत नाही, हेही तितकंच खरं. गोम्फोनेमासारखे डायटम (सिलिकाच्या कवचाचं एकपेशीय शेवाळ) देठावर उभे असतात, ते लगेच सुटतात. ओडोगोनियम या हिरव्या शेवाळाचे धागे बुडाच्या पेशीने धरलेले असतात, अर्धेअधिक तुटून येतात. कोकोनाइस हा डायटम मात्र पानाला सपाट चिकटलेला असतो, तबकडी चिकटवावी तसा. तीन मिनिटं हलवलं तरी तो जागेवरच. म्हणून हलवून झालेल्या पानाचा तुकडा काचपट्टीवर घेऊन ४०० पटीत बघायलाच हवा. कोकोनाइस खच्चून दिसला तर तुमचा आकडा कमी आहे असं समजा.

किती निघालं ते असं तपासा: पहिलं, दुसरं, तिसरं धुणं वेगवेगळं गाळा आणि प्रत्येकाचं हरितद्रव्य काढा. तिसऱ्या धुण्यात एकूणाच्या पाच टक्क्यांहून कमी आलं तर सुटणारं बहुतेक सुटलं. चौथ्या-पाचव्या धुण्यातही आकडा उतरतच नसेल तर शेवाळ संपून पानच झडायला लागलं आहे. अशा वेळी सूक्ष्मदर्शकात पानाच्या विटेसारख्या चौकोनी पेशींचे तुकडे दिसतात.

हरितद्रव्याचा हिशेब: वर सांगितलेल्या ३०० मिलीतले १५० मिली, म्हणजे २४ चौ. सेंमीचं शेवाळ, जीएफ/सीवर गाळा. गाळताना शेवटी मॅग्नेशियम कार्बोनेटच्या निवळीचे काही थेंब टाका, म्हणजे आम्लामुळे हरितद्रव्य बिघडणार नाही. फिल्टर ९० टक्के अॅसिटोनमध्ये वाटून एकूण १० मिली करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये अंधारात ठेवा. सेंट्रिफ्यूज करून ७५० आणि ६६४ नॅनोमीटरवर वाचा. मग क्युव्हेटमधल्या ३ मिलीत ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ०.१ मिली घालून ९० सेकंदांनी ७५० आणि ६६५ वर वाचा. ७५० चा आकडा वजा केल्यावर समजा ०.५८५ आणि ०.३६० आले. फरक ०.२२५, गुणिले २६.७ म्हणजे अर्कात लिटरला ६ मिग्रॅ, ०.०१० लिटरमध्ये ०.०६ मिग्रॅ, भागिले ०.००२४ चौ. मी. = दर चौ. मी. पानाला २५ मिग्रॅ. दोन वाचनांचं गुणोत्तर इथे १.६ च्या वर आहे, म्हणजे बहुतेक शेवाळ जिवंत. १.७ म्हणजे निखळ ताजं हरितद्रव्य, १ म्हणजे सगळं मेलेलं. जुन्या पानाच्या टोकावर हे गुणोत्तर हमखास घसरतं.

बाटलीत भरण्याआधी भिंगाने किडे-गोगलगायी वेचा. लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगायी सहज दिसतात. कायरोनोमिड (डासासारख्या न चावणाऱ्या माश्या) अळ्या मात्र गाळाच्या नळकांड्यात लपून बसतात आणि अंधाराच्या बाटलीत त्यांचंच श्वसन मोजलं जातं.

---

काठावरची_पट्टी:

सगळ्यांचे मनापासून आभार. बुडापासून मोजून कापायचं आता पक्कं. काचपट्ट्यांचा प्रश्न मात्र राहिलाच. गाइड सर म्हणतात की काचपट्ट्यांवर सगळं सोपं होईल.

---

तळवट:

सोपं होतं हे खरं. काचेचं क्षेत्रफळ माहीत असतं, तिच्या पेशी फुटत नाहीत, तिला स्वतःचा ऑक्सिजन नसतो. पण काच पानासारखी वागते का, यावर शास्त्रात जुना वाद आहे आणि तो तुमच्या प्रबंधात आलाच पाहिजे.

कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या मेम्फ्रेमेगॉग सरोवरात कॅटॅनेओ आणि काल्फ यांनी खऱ्या पाणवनस्पती आणि तशाच आकाराच्या प्लास्टिकच्या वनस्पती यांच्यावरच्या शेवाळाच्या उत्पादनाची तुलना केली (१९७९). फारसा फरक दिसला नाही. त्यावरून मत झालं की वनस्पती ही शेवाळासाठी नुसती खुंटी आहे, ती त्याला काही देत नाही. उलट बाजूला वेत्झेल आणि त्यांचे सहकारी. मोलर, बर्कहोल्डर आणि वेत्झेल यांनी १९८८ मध्ये नायास या पाणवनस्पतीवर दाखवलं की मुळांनी गाळातून ओढलेला फॉस्फरस काही अंशी पानावरच्या शेवाळापर्यंत पोचतो. माझं मत असं की दोन्ही आपापल्या पाण्यात बरोबर आहेत. पाण्यातच फॉस्फरस मुबलक असेल तर शेवाळाला पानाकडे हात पसरायची गरज नाही. पाणी निर्धन असेल तर पानाचा आधार मोलाचा ठरतो. सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यात पहिली बाजू, जंगलातून पाणी येणाऱ्या तळ्यात दुसरी बाजू धरून चालावी.

काचपट्टीचा मला खटकणारा दोष वेगळाच आहे. ती कडक आहे. पान लाटेबरोबर डोलतं, शेजारच्या पानाला घासतं, त्यावरचा सैल थर झडत राहतो. काचेवर तो साचतो. म्हणून काच वापरायची नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते. तिच्या पानाएवढ्या पट्ट्या कापा, मधल्या भागात बारीक पॉलिश पेपर फिरवून किंचित खरखरीत करा, खाली नायलॉन दोऱ्याने खड्याला आणि वर थर्माकोलच्या गोळीला बांधा. पट्टी पानासारखी उभी राहून डोलते. पानांच्या गर्दीतच लावा, मोकळ्या पाण्यात नाही.

किती दिवस ठेवायची? ७, १४, २१, २८ दिवसांनी काही पट्ट्या काढत जा. थर आधी झपाट्याने वाढतो, मग त्याच्याच वजनाने सुटू लागतो. व्हॅलिस्नेरियाचं पान किती दिवस टिकतं ते आधी शोधा: पानाला बुडाशी सुईने बारीक भोक पाडायचं आणि आठवड्याने ते किती वर सरकलं ते मोजायचं. पट्टीचं वय पानाच्या त्या भागाच्या वयाशी जुळवलं तरच तुलनेला अर्थ. आणि निदान एका तारखेला तरी खरी पानं आणि प्लास्टिक शेजारी शेजारी मोजा. तेवढ्यानेच गाइड सरांचं आणि परीक्षकांचं दोघांचंही समाधान होईल.

---

काठावरची_पट्टी:

ही पट्टीची कल्पना फारच आवडली. आता शेवटचं. तुलनेसाठी दुसरं तळं आहे, तिथे सांडपाणी येतं. पानांवर बोटभर जाड तपकिरी चिखलासारखा थर आहे. पहिल्या तळ्यातल्या पानांवर पातळ हिरवट पापुद्रा. दुसऱ्याची उत्पादकता कितीतरी जास्त असणार असं धरून गृहीतक लिहिलं आहे. बरोबर?

---

पानथर:

मोजल्याशिवाय असं लिहू नका, ताई. साठा आणि उत्पादन एक नव्हे. जाड थरात वरच्या काही पेशींनाच उजेड मिळतो, खालच्या फक्त श्वास घेतात. शिवाय त्या "चिखलात" खरोखरच चिखल किती आणि शेवाळ किती, हे बघा. १०५ अंशांना वाळवून वजन, मग ५५० अंशांना जाळून राख. पहिल्या तळ्यातल्या पापुद्र्याची राख कमी आणि दुसऱ्याची अर्ध्याहून जास्त निघाली तर आश्चर्य वाटायला नको. शिवाय हायड्रिला किंवा पोटॅमोजेटॉनसारख्या पाणवनस्पतींच्या पानांवर चुन्याची पापडी बसते, ती ५५० अंशांना बहुतेक तशीच राखेत राहते.

पातळ पापुद्रा पातळ का आहे, हा जास्त मोलाचा प्रश्न. गोगलगायी सतत चरत असतील तर थर पातळ राहतो पण कोवळा राहतो, आणि उगवलेलं रोजच्या रोज खाल्लं जातं. कुरणात गवत आखूड दिसतं म्हणून कुरण नापीक ठरत नाही. म्हणून ताशी उत्पादनाला हरितद्रव्याने भागून पाहा. वरच्या नमुन्यात २२.५ ÷ २५ = दर मिग्रॅ हरितद्रव्यामागे ताशी ०.९ मिग्रॅ कार्बन. जाड थराच्या तळ्यात हाच आकडा खूप खाली आला तर गोष्ट उलगडली. दर चौ. मी. तळावर गोगलगायी किती, तेही खाली सांगितलेल्या चौकटीतच मोजून घ्या.

तळ्याच्या चौरस मीटरवर नेण्याची रीत अशी. ५० × ५० सेंमीची पीव्हीसी पाइपची चौकट तळाला टेकवा, आतल्या सगळ्या वनस्पती बुडाशी कापा, पण एकगठ्ठा नाही. वरचे ३० सेंमी, मधले ३० आणि खालचे असे थर वेगळे ठेवा. प्रत्येक थरातल्या २० पट्ट्यांचं क्षेत्रफळ स्कॅनरवर काढा, त्या धुऊन ६० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. एका ग्रॅमला किती चौ. सेंमी हे मिळालं की थराच्या एकूण सुक्या वजनावरून एकूण पृष्ठ मिळतं. समजा दर चौ. मी. तळावर तीन चौ. मी. पानपृष्ठ भरलं. मग २२.५ × ३ = ताशी ६७.५ मिग्रॅ कार्बन म्हणायचा मोह होतो. तो टाळा. वरच्या थराचं पृष्ठ गुणिले वरच्या खोलीवरचं उत्पादन, मधल्याचं मधलं, खालच्याचं खालचं, आणि मग बेरीज. वरच्या पानांच्या सावलीत खालचा थर बहुतेक वेळा दिवसभरात स्वतःच्या श्वसनापुरतंही कमावत नाही.

सेरॅटोफायलम या पाणवनस्पतीचं पान दोऱ्यासारखं चिरलेलं असल्याने त्याचं क्षेत्रफळ काढत बसू नका, तिथे सगळं सुक्या वजनावर द्या.

आणि सांडपाण्याच्या तळ्याबद्दल एक गंभीर गोष्ट. फिलिप्स, एमिन्सन आणि मॉस यांनी इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्स या उथळ तळ्यांच्या अभ्यासातून १९७८ मध्ये मांडलं की पोषकद्रव्यं वाढली की आधी पानांवरचं शेवाळ आणि धागेदार शेवाळ माजतं, वनस्पतीला सावलीत मारतं, आणि तरंगणाऱ्या शेवाळाने पाणी हिरवं होण्याचा टप्पा त्यानंतर येतो. वनस्पती गेली की तिच्यावरच्या शेवाळाची जागाही गेली. म्हणजे तुमचा बोटभर थर हे भरभराटीचं लक्षण नसून त्या तळ्यातली व्हॅलिस्नेरिया संपत आल्याची खूण असू शकते. गृहीतक लिहायचंच तर हे लिहा: दर चौ. सेंमी पानावर साठा जास्त, दर मिग्रॅ हरितद्रव्यामागे उत्पादन कमी, आणि दर चौ. मी. तळ्यामागे किती ते पानपृष्ठ उरलं आहे त्यावर. आपल्याकडे जलकुंभीनेही तळी झाकली जातात. तिच्या गालिच्याखाली उजेडच नाही, म्हणून त्या भागाचं क्षेत्रफळ एकूणातून वजा करा.

---

दोन_थेंब_लुगॉल:

मोसमाबद्दल: जून ते सप्टेंबर पाणी गढूळ आणि पातळी हलती, एका आठवड्याचा आकडा पुढच्या आठवड्याला लागू पडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी स्थिर असतं, तेव्हा मुख्य मोजणी करा आणि एप्रिलअखेर एक खेप. त्या वेळी उथळ पाणी तापलेलं असतं, अंधाराच्या बाटलीतलं श्वसन वाढलेलं दिसेल. ती चूक समजून आकडा टाकून देऊ नका.

इंडोप्लॅनॉर्बिस असलेल्या पाण्यात उघड्या पायांनी उतरू नका. गुरांच्या रक्तकृमींच्या अळ्या त्यातून बाहेर पडतात आणि कातडीला खाज सुटते. गमबूट, लांब हातमोजे, आणि कमरेपेक्षा खोल पाण्यात लाइफ जॅकेट व काठावर दुसरा माणूस.

आणि दोन तळी करत आहात म्हणून कळकळीने सांगतो. एका तळ्यातून निघताना चौकट, दोर, बाटल्यांच्या जाळ्या, बुटांचे तळवे यांतून हिरवा तुकडा न् तुकडा वेचून काढा आणि सामान उन्हात खडखडीत वाळवा. हायड्रिलाचा एका पेराचा तुकडासुद्धा रुजतो. ज्या तळ्यात ती आज नाही तिथे ती आपल्या दोराला लटकून जायला नको.

---

विंकलर३००:

पट्ट्या कापल्यापासून बाटली पाण्यात सोडेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ देऊ नका, आणि मधल्या वेळात सगळं सावलीत, तळ्याच्याच पाण्यात. १८ पट्ट्या हलवायला दोघं जण लागतात. एकाने हलवायचं, दुसऱ्याने नोंदवायचं. पहिल्या दिवशी प्रत्यक्ष मोजणी न करता फक्त तिन्ही धुण्यांचं हरितद्रव्य काढा. किती वेळ हलवायचं ते त्यावरून ठरेल, मग बाटल्या.

---

काठावरची_पट्टी:

शनिवारी पहाटे पाणी गाळायला घेते. तिन्ही धुण्यांचे आकडे आले की इथेच टाकते.